बाईंनी गाळलेली ओळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी मळीचा वास आठवावा लागतो. साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला आपली ती पंचिंगची खोली, खिडकीतून येणारा तो गोडसर आंबूस वास आणि त्या वासातून येणारा तुमचा आवाज. हल्ली माझी नात घरी बसून नोकरी करते. कुठल्याशा मोठ्या कंपनीचा सगळा कारभार, खरेदीपासून पगारापर्यंत, एकाच संगणकातून चालतो. ईआरपी म्हणतात त्याला. तो अडला की पडद्यावर लाल ओळ येते, आणि ती का आली हे शोधणं हे तिचं काम. दिवसभर घाबरलेली माणसं तिला फोन करतात आणि ही शांतपणे विचारते, "लाल ओळ यायच्या आधी तुम्ही काय केलं होतं?" काल दुपारी पेंगता पेंगता तो प्रश्न कानावर आला आणि मला वाटलं, तुम्हीच बोलताय.

आपल्याकडे लाल ओळ नव्हती, लाल दिवा होता. शेतकऱ्यांच्या उसाच्या नोंदीचे कागद तुम्ही मोठ्यानं वाचायच्या, नाव, गाव, क्षेत्र, लागणीचा महिना, आणि मी मशीनची बटणं दाबून तेच कार्डावर भोकांनी उतरवायची. मग तेच कागद तुम्ही पुन्हा वाचायच्या, मी दुसऱ्या मशीनमध्ये तीच कार्डं घालून पुन्हा तीच बटणं दाबायची. दोन वेळचं जुळलं नाही की दिवा लागायचा आणि बटणं गच्च बसायची. मी नगरच्या गल्लीत वाढलेली, नवी नवी, वीस वर्षांची. दिवा लागला की बटणं बडवत सुटायची. तुम्ही माझा हात धरलात. "आगं, मारती कशाला त्याला? ते काय म्हनतंय ते तरी आईक. आधी काय केलं हुतं, सांग बरं." मला तेव्हा रागच आला होता. मशीनशी असं लेकरासारखं काय बोलायचं!

पण त्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. तुम्ही वाचताय, पुणतांबा येतं, शेवगाव येतं, मधली लहान लहान गावं येतात, आणि मी डोळे अर्धे मिटून बसलेय, बोटं आपली आपण चालतायत. गाडीत झोपून गावांवरून जावं तसं वाटायचं. नावं ऐकू यायची पण माणसं कोण, हे मनात यायचं नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता. विहिरी आटलेल्या, ऊस उभ्या उभ्या वाळत चाललेला. आपल्या कार्डांवरून तोडणीची यादी छापली जायची, आणि यादीत नाव नसेल त्याच्या शेतात तोडणीची टोळी जायची नाही. यादी छापून झाली तर एकूण क्षेत्र शेतकी खात्याच्या आकड्यापेक्षा कमी भरलं. दिवा तर एकदाही लागला नव्हता. शेतकी साहेब म्हणाले, मशीनच बिघडलंय, मुंबईहून माणूस बोलवा. तुम्ही खाली मान घालून कागदांचा गठ्ठा बांधत राहिलात. मी हट्टाला पेटून कागद आणि कार्डं एकेक करून लावत बसले, आणि एक कागद असा निघाला की ज्याचं कार्डच नव्हतं. चूक बोललेलं मशीन पकडतं. दोन्ही वेळा जे बोललंच गेलं नाही, ते कुठून पकडणार?

मी ते नाव मोठ्यानं वाचलं. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "ते आमचं मालक हायेत."

तुम्ही भावाकडे राहता एवढंच मला माहीत होतं. "दुसरी केली त्यांनी," तुम्ही म्हणालात, "मी भावाकडं आले. पन नाव कंदी घेतलं न्हाई तोंडानं."

"मग नुसतं गाव आणि क्षेत्र वाचायचं, बाई. नाव मी बघून घेतलं असतं."

"व्हय. तसं जमलं असतं."

आणि मग, माझ्याकडे न बघता, "एकदा वाटलं, वाळू दे त्यांचा ऊस. मला वाळवलं तसा वाळू दे. मग रातभर तिची पोरं डोळ्यापुढं यायला लागली. सांगायचं ठरवून यायचे रोज, पन जीभ उचलंना."

माझा जीव तुटला तुमच्यासाठी. मी म्हटलं, द्या तो कागद, मी गुपचूप कार्ड पाडते, कुणाला कळायचं नाही. तुम्ही कागद सोडला नाहीत. "वाचल्याबिगर कार्ड पाडायचं न्हाई. मीच शिकवलंय ना तुला?"

तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा करता. आणि तुम्ही वाचता, नवऱ्याचं नाव, लगेच सासऱ्याचं, आडनाव, गाव, क्षेत्र, महिना. एक अक्षर खाल्लं नाहीत. मी कार्ड पाडलं. मग तपासणीच्या मशीनवर आलो, तर पुन्हा वाचणं आलं. तुम्ही पुन्हा वाचलंत, आणि मी तुमच्या तोंडाकडेच बघत राहिले, भलतंच बटण दाबलं गेलं. लाल दिवा! तुम्ही दिव्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि एकदम हसत सुटलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आता किती बारी घ्यायला लावती गं मला?" तिसऱ्यांदा ते नाव तुम्ही इतर नावांसारखंच वाचलंत, आणि पुढचा कागद उचललात. त्यांच्या शेतात टोळी गेली, एवढं नंतर कळलं. तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत.

त्या वेळी मनातून मी तुमच्या त्या रिवाजाला हसले होते, बाई. पुढे माझं लग्न झालं, आणि मी दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला नावानं हाक मारली. सासूबाईंच्या देखत, मी रागावलेली असले तर जरा जास्तच मोठ्यानं. ते जाऊन आता वर्ष होत आलं. तेव्हापासून ते नाव माझ्या तोंडातून निघालेलं नाही. बँकेत कुणी विचारलं तर लेक सांगते, मी नुसती मान हलवते. मला तर कुणाचीच मनाई नाही.

हे पत्र टपालात पडायचं नाही, ते ठाऊक आहे. तरी आज ठरवून बसले होते की तुम्हाला लिहायच्या निमित्तानं एकदा तरी ते नाव लिहीन. एवढं सगळं लिहून झालं, आणि ते काही लिहिलं नाही.