पहिला आवाज आईचा

यवत

सुदर्शनदादा,

तुझ्या एआय संशोधन संस्थेला पाच वर्षं झाली, स्मरणिका निघतेय आणि ‘सुरुवातीचे दिवस’ हे पान मी लिहावं, असा तुझा मेसेज आला. मग ऐक.

सुरुवात आपल्या शेवंतीच्या शेडमध्ये झाली. तुला गावच्या बोलीत शेतीचा सल्ला देणारं यंत्र घडवायचं होतं आणि आवाज द्यायला कुणी तयार नव्हतं. आई फुलं निवडत तीन महिने तुझ्या माइकपुढं बोलली. "हे फक्त यंत्राला शिकवायला, आई. तुझा आवाज कुणाला विकणार नाही," हा शब्द तू माझ्यासमोर दिलास.

यंदा त्याच आवाजात घरोघर फोन आले. "मी सिंधूबाई बोलतीय. शेवंतीवर ह्येच औषध मारा." औषध एका कंपनीचं होतं. गावातल्या बायांनी ते मारलं आणि कळ्या करपल्या. शेजारची जनाक्का दारात येऊन ओरडली, "सिंधे, तुझ्या बोलण्यावर गेले गं मी!" आई शपथा घेत राहिली. फोनवर तिचाच आवाज होता, कोण ऐकणार?

तू म्हणालास, "तांत्रिक चूक झाली, करिश्मा." लाज वाटू दे! आवाज तू विकलास.

या पत्राच्या पाकिटावर मी लिहिलेला तुझा पत्ता आईनं पाहिला आणि पाकीट फाडून टाकलं. हे दुसरं पाकीट आहे. जनाक्का येऊन गेली, त्या दिवसापासून आई कुणाशीच बोललेली नाही.

तुझी बहीण,
करिश्मा