बॉलशिवायचा रनिंग बॅक

सर, माझं सगळं बदललं ते तुमच्या एका फोनने. मी नॉटिंगहॅमच्या लाँड्रेटमध्ये बसलो होतो, समोरच्या मशीनमध्ये माझी चिखलाची जर्सी गरगरत होती, आणि तुम्ही हॅलोसुद्धा न म्हणता म्हणालात, "घेतलं बे तुला. शेवटच्या फेरीत घेतलं, पण घेतलं." हेल्मेट घालून, काखेत अंड्यासारखा बॉल दाबून पळायचं ते अमेरिकन फुटबॉल मी तोवर फक्त युनिव्हर्सिटीच्या क्लबात खेळलो होतो. इकडे युरोपात तेव्हा त्याची एक व्यावसायिक लीग होती. बहुतेक खेळाडू अमेरिकेतून यायचे, पण प्रत्येक संघाला थोडे इथलेही ठेवावे लागत. ड्राफ्टच्या दिवशी सगळे संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलत, आणि मँचेस्टरजवळच्या त्या संघाचे रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे, निवडायचं आणि सांभाळायचं काम तुमच्याकडे होतं. "परीक्षा देऊन ये," तुम्ही म्हणालात, "तोवर मी जागा धरून ठेवतो." मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजमधून नाव काढलं आणि बॅग घेऊन तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही कपाळाला हात लावलात. "तुला ये म्हटलं होतं, उडी मार नाही म्हटलं," एवढंच बोललात. बाबा तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी इतकी घाई का केली ते तुम्हाला कळलं होतं, तुम्ही दाखवलं नाही. आमच्याच युनिव्हर्सिटीत फार्मसी शिकणारी ती, इथेच जन्मलेली, वडील ठाण्याचे, मराठी मोडकंतोडकं. एकदा बसस्टॉपवर ती सहज म्हणाली होती की तू मोठ्या स्टेडियममध्ये खेळलास तर मी बघायला येईन. त्या एका वाक्यावर मी डिग्री सोडली. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला त्याहून शहाणपणाचं काही दिसत नव्हतं.

रविवारी तुम्ही आम्हा पाचही रनिंग बॅकना घरी बोलवायचात. तुमचं ते छोटं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. खिडकीत काकूंच्या जिरेनियमच्या कुंड्या, गॅसवर तर्री उकळतेय, आणि तुम्ही पोह्यांसाठी आणलेले कांदेबटाटे टेबलावर मांडून आम्हाला चाल समजावताय. माझा रूममेट, अलाबामाचा तो दांडगा पोरगा, नेहमी सगळ्यात मोठा बटाटा व्हायचा. मी हिरवी मिरची. "मी मिरची का?" असं त्रासून विचारलं तर तुम्ही काकूंना इंग्रजीत म्हणालात, "बघ, विचारतानाच ठसका लागतो." काकू इंग्रज, पण त्यांनाही हा विनोद पाठ झालेला. अलाबामाचा पोरगा तर्रीने घामाघूम होऊन तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. मग तुम्ही तो मोठा बटाटा बाजूला सरकवायचात आणि मिरचीला सगळ्यांच्या मध्ये घुसवायचात. बॉल मात्र बटाट्याकडेच.

कारण माझं काम होतं फसवण्याचं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल वाटणारा, माझ्या पोटाशी बॉल दिल्यासारखं करणार, मी दोन्ही हात पोटावर मिटून, पाठ वाकवून समोरच्या गर्दीत घुसणार, तीनचार धिप्पाड माणसं मला खाली दाबणार, आणि तेवढ्यात खरा बॉल भलतीकडून निघून जाणार. तुम्ही हे तासन् तास करून घेतलंत. माझे हात ढिले दिसले की शिट्टी. "तू पुण्याचा न बे? पुण्यात पाहुण्याला जेवूनच जा म्हणतात तेव्हा पाय कुठं असतात? दाराकडं. चेहरा आग्रहाचा, पाय निरोपाचे. तसं पळ." मला राग यायचा. मी म्हणायचो, तुम्ही नागपूरचे लोक निदान खरं जेवायला घालता, तर मला बॉलही खरा द्या. तुम्ही हसायचात. "बॉल कोणीही घेऊन पळतो. नसलेला बॉल घेऊन पळणारा मी पहिल्यांदाच पाहून राहिलो." ही शाबासकी होती. मला ती टिंगल वाटली.

मग तो सरावाचा सामना. स्टेडियममध्ये लोक थोडेच, पण त्यांत ती होती, लाल मफलर घालून, मैत्रिणीला घेऊन आलेली. दुसऱ्या सत्रात तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून मला आत पाठवलंत आणि चाल सांगितलीत तीच, फसवणुकीची. मी रिकामे हात पोटाशी आवळून घुसलो. तिघं माझ्या अंगावर आले, तोंडात माती गेली, आणि वरून मला लोकांचा गलका ऐकू आला. अलाबामाचा पोरगा दुसऱ्या टोकाने मोकळा पळत शेवटच्या रेषेपार जाऊन टचडाउन करून आला होता. संघ त्याला खांद्यावर घेत होता. तुम्ही मात्र धावत माझ्याकडे आलात, मला उठवलंत, हेल्मेटला कपाळ टेकवून म्हणालात, "तिघंही तुझ्या मागं आले. तिघंही." मी तुमचा हात झटकला. सामन्यानंतर ती गेटपाशी भेटली. "तू असा पडला का? बॉल तर त्या दुसऱ्याकडे होती. तुझा काही चूक झाला का?" तिला खरंच काळजी वाटत होती. मी समजावून सांगू शकलो असतो. पण मी म्हणालो, कोच आकस धरतोय, आणि तसाच तणतणत तुमच्याकडे आलो. तुम्ही मैदानावरचे खुणेचे शंकू गोळा करत होतात. "पोरगी तुला पाहायला आली होती का बॉलला?" तुम्ही विचारलंत. मी पाठ फिरवली. आठवडाभर तुमच्याशी कामापुरतं बोललो.

पुढचं मला नंतर कळलं, आणि इतरांकडून. पाचांतले तिघं ठेवायचे होते. हेडकोचला माझ्याऐवजी एक उंचापुरा जर्मन हवा होता, तुमचं त्याच्याशी वाजलं. काकूंनी सांगितलं की इतक्या वर्षांत तुम्ही त्या माणसावर एकदाच आवाज चढवलात, तो माझ्यासाठी. म्हणालात, मला पळणारे मिळतील, हा मिळणार नाही. ठेवायच्या यादीत माझं नाव होतं. मी कॅम्प सोडून निघून गेलो त्याच संध्याकाळी अलाबामाच्या पोराने फोन करून हे सांगितलं, लॉकरवर तुझ्या नावाची पट्टी अजून आहे म्हणाला. तुमचेही निरोप येत राहिले. "जागा धरून ठेवली आहे. ये." तुम्ही रागावला असतात तर मी आलो असतो. तुम्ही रागावला नाहीत, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटली. आधी वाटलं पुढच्या आठवड्यात जाईन, मग वाटलं सीझन संपल्यावर जाईन. तिच्याकडे गेलो तर ती पुस्तकांतून मान वर करून म्हणाली, "हे पण सोडला तू?" पुढे ती केंब्रिजला रिसर्चला गेली. त्याच शरद ऋतूत तुमचं हृदय बंद पडलं. मी अंत्यविधीला आलो तेव्हा तुमचे तिन्ही रनिंग बॅक, म्हणजे माझ्या जागी आलेला तो जर्मनसुद्धा, कोट घालून पुढच्या रांगेत उभे होते. मी मागे राहिलो. लीगही आता बंद झाली. मी ट्राम चालवतो, आणि आपल्या मैदानाच्या स्टॉपवर कोणी चढलं-उतरलं नाही तरी दारं उघडतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. काकूंना द्यावं असं मनात येऊन गेलं, पण त्यांना मराठी येत नाही, आणि वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. एक गोष्ट मात्र सांगून टाकतो, सर. इतकं सगळं कळूनही मला अजून वाटतं, एकदा, एकदाच तुम्ही मला खरा बॉल द्यायला हवा होता.

राहिली ती सकाळ. नावं कापायची सकाळ. आपल्या कॅम्पमध्ये रीत होती, न्याहारीच्या आधी ज्याच्या दारावर टकटक होईल तो घरी जाणार, होणार नाही तो राहणार. इतरांकडे ज्युनियर कोच जायचा, पण तुम्ही बजावलं होतं, माझ्या पोरांना मी स्वतः सांगणार. मी आणि अलाबामाचा पोरगा आपापल्या पलंगावर बसलोय. मी भीतीने रात्रीच बॅग भरून ठेवलीय. टकटक होते. तो पुटपुटतो, "तुझी की माझी?" दार उघडून तुम्ही आत येता, त्याच्याकडे बघतही नाही. अंगात प्रवासाचा कोट, हातात स्टीलची वाटी आणि चमचा. दुपारी पहिल्या सामन्याला बस निघायचीय हे मला आठवतसुद्धा नाही. वाटीत दही आहे.

"हात पुढं कर," तुम्ही म्हणता.

"घरी पाठवताय तर सरळ सांगा ना. हातावर दही कशाला?"

"अरे, ऐकून तर घे बे."

"काय ऐकू? तुम्हाला स्वतःची पोरं नाहीत, म्हणून लोकांची गोळा करता. खेळून झालं की परत."

चमचा तसाच वर राहतो. अलाबामाच्या पोराला शब्द कळत नाहीत, तो नुसता आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघतो. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडता. मी चालींचं प्लेबुक पलंगावर भिरकावतो, बॅग खांद्याला लावतो, तुम्हाला वळसा घालून बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.