पाठीला पाठ लावलेली बाकं

बाबा,

बंब झाला एकदाचा. तुमच्या फायर स्टेशनच्या शेडमध्ये उभा असायचा तोच, घोडे जाऊन मोटार आली त्या पहिल्या काळातला. एकास सोळा या मापाचा, पत्र्याचा आणि सागवानाचा. महानगर कॉलनीतल्या आपल्या घरात गेले सात महिने जेवणाच्या टेबलावर त्याचाच मुक्काम होता. तुमच्या वहीतल्या मापांमुळे जमलं, फक्त तुमचं अक्षर अजूनही माझा अंत पाहतं. शिडी, पितळी घंटा, स्टार्ट करायचं हँडल, सगळं मापात आलं. माणसांची बाकं मात्र मी जीपसारखी समोर तोंड करून चिकटवली. दोन दिवस कौतुकाने बघत होते, आणि मग एकदम तुमचं बोलणं आठवलं. लेक म्हणाली, "मम्मी, अच्छा तो लग रहा है, रहने दो." पण मी पातं घालून ती उचकटलीच आणि पाठीला पाठ लावून पुन्हा बसवली.

चौदा एप्रिलला अग्निशमन दिन, आणि त्याच दिवशी जयंती. आलमबागेत आपली सगळी मराठी माणसं पांढऱ्या कपड्यांत जमायची तेव्हा तुम्ही परेडमध्ये असायचात, नाहीतर बंब घासत. दरवर्षी बायका मला विचारायच्या, बाबा नाही आले? मी अकरा वर्षांची असताना तुम्ही संध्याकाळी तसेच खाकीत पोचलात, पॉलिशने बोटं काळी झालेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं की यांना जयंतीपेक्षा बंब प्यारा आहे. आई माझ्यावर डाफरली. तुम्ही हातातली खिरीची वाटी तेवढी खाली ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी सायकलवर डबलसीट मला शेडमध्ये नेलंत. आता आपली खैर नाही असं मी धरून चालले होते. तुम्ही मला उचलून बंबाच्या बाकावर बसवता, तोंड बाजूला रस्त्याकडे, पाठीमागे दुसऱ्या रांगेची पाठ. मग सावकाश सांगता, "वळणावर बाजूच्याचा पट्टा धरून बसा लागे, नाहीतर माणूस रस्त्यावर. बाजूला कोण आहे, कोणत्या घरचा आहे, ते नव्हतं पाहत कोणी. माझी जयंती इथंच होते, बेटा."

मला तेव्हा काही कळलं नाही. पाय लोंबकळतायत याचीच गंमत वाटत होती. पुढे ऑफिसात तीस वर्षं काढली, कोणाच्या शेजारी बसताना बिचकले नाही आणि कोणाला बिचकू दिलं नाही, ते त्या बाकावरूनच घेऊन आले होते हे फार उशिरा लक्षात आलं. तोवर तुम्ही नव्हता. ते शब्द मागे घ्यायचे राहूनच गेले. आज घेते, बाबा. चुकलं माझं.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. यंदा जयंतीला मी गेले नाही. ताप आहे असं सगळ्यांना फोनवर सांगितलं आणि दिवसभर घरात बसून घंटा घासत होते. बंबाचं खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही ती हिंमत सगळ्यांदेखत, दरवर्षी कुठून आणत होता?