एकाच टेबलावर तिची जोडणी चालू आणि माझी बंद असल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, संगणक व जाळे कक्ष,
जलवाहिनी नकाशा कार्यालय.

विषय : व्हीपीएन जोडूनही माझ्याकडे नकाशांचे फोल्डर न उघडणे आणि त्याच टेबलावर पत्नीकडे मात्र उघडणे, याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (दोन्ही पत्नीमार्फत, कारण अर्जाचे पान आतल्या जाळ्यावरच उघडते).

महोदय,

१. मी या कार्यालयात एकोणीस वर्षे आरेखक असून शहराच्या जलवाहिन्यांचा मुख्य नकाशा माझ्या हातचा आहे. इमारतीची दुरुस्ती निघाल्याने महिनाभर आम्ही घरून काम करतो. पत्नी याच शाखेत सहायक आरेखक आहे. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी, समोर ती. व्हीपीएन (घरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरण्याची वाट) माझ्याकडेही जोडले जाते, हिरवी खूण दिसते. पण फोल्डर उघडू गेले की ते न उघडता झोपायच्या खोलीतला प्रिंटर घरघरतो. तिच्याकडे पहिल्याच झटक्यात उघडले. मला त्याचा आनंद झाला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

२. आपल्या तंत्रज्ञाने फोनवरून तपासणी केली. तो तिला "ताई" म्हणतो आणि मला "काका, बंद करून परत चालू केलंत का?" असे नऊ वेळा विचारतो. माझ्या आणि पत्नीच्या वयात दोनच वर्षांचे अंतर आहे. त्याचे निदान असे की, घरच्या वायफायचे अंतर्गत क्रमांक आणि कार्यालयाचे क्रमांक एकच आहेत. त्यामुळे माझा संगणक फोल्डर शोधायला घराबाहेर पडतच नाही. त्या क्रमांकाचा प्रिंटर घरातच भेटतो आणि तो तिथेच थांबतो. हे क्रमांक मीच, कार्यालयाच्या अभिमानापोटी, कार्यालयाच्या वहीत पाहून घरी तसेच्या तसे घातले होते. वायफायचा पासवर्ड मी पत्नीला दिलेला नाही, कारण वेग वाटला जातो. ती नाइलाजाने स्वतःच्या फोनचे इंटरनेट वापरते आणि नेमके म्हणूनच तिचे चालते. यात न्याय कुठे, हे आपणच सांगावे.

३. खरा प्रश्न शुक्रवारचा आहे. त्या दिवशी मुख्य नकाशा वरिष्ठांपुढे मांडायचा असून, फाइलवर शेवटचा बदल ज्याच्या नावे त्यानेच मांडायचा, अशी कार्यालयाची पद्धत आहे. तेथे आता तिचे नाव दिसते. शिवाय ती नकाशा उघडून पडदा माझ्याकडे वळवून ठेवते. हे खिजवणे नाही तर काय? परवा शाळेमागची पाण्याची झडप नकाशात चुकीच्या जागी असल्याचे मी स्वतःशीच पुटपुटलो, तर तासाभरात झडप जागेवर! माझे पुटपुटणेसुद्धा आता तिच्या नावावर जाते. मी जळतो, हे लपवून उपयोग नाही.

४. तंत्रज्ञ म्हणतो, घरचे क्रमांक बदला, नाहीतर ताईंच्या फोनवर जोडा. घरचे क्रमांक मी बदलणार नाही. कार्यालयाने आपले बदलावेत. तिच्याकडे फोनचा पासवर्ड मागणे मला जमणार नाही, सबब तो तंत्रज्ञाने तिच्याकडून घेऊन मला लेखी कळवावा. हेही शक्य नसेल, तर समानतेच्या तत्त्वावर तिचीही जोडणी बंद करावी.

निर्णय काहीही होवो, तो टेबलाच्या या बाजूला आधी कळावा, एवढी विनंती.

आपला नम्र,
(सही)
वरिष्ठ आरेखक
बुधवार

सोबत : प्रिंटरने आपणहून बाहेर टाकलेले कोरे कागद, एकूण बावीस.

पाठवणाऱ्याचा शेरा (सहायक आरेखक) : अर्ज जसाच्या तसा पुढे पाठवत आहे. झडप यांच्या सांगण्यावरून हलवली. नकाशात माझी स्वतःची एकही रेघ नाही. पडदा वळवून ठेवते, कारण नकाशा डोळ्यांसमोर नसला की यांना घास गिळवत नाही. माझ्या फोनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून सोमवारीच यांच्या कंपासपेटीत ठेवला आहे. त्यावर जोडून यांनी नकाशा एकदा सेव्ह केला की शुक्रवारी नाव यांचेच येईल. पेटी अजून उघडलेली नाही, कारण सोमवारपासून हे अर्जच लिहीत आहेत.