त्या सभेत मी तुमचं नाव घेतलं नाही

सर, मागच्या महिन्यात मी तुमच्या साहेबांनी बांधलेल्या लायब्ररीत उभी राहून खोटं बोलले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता हे तुम्हाला सांगितलं काय आणि न सांगितलं काय, फरक कुणालाच पडत नाही. तरी लिहिताना कान गरम होताहेत.

मी इथे अमेरिकेत, श्रूजबरीत राहते, अजून नोकरी करते. इथून तासाभरावर एक जुनं गिरण्यांचं गाव आहे. गिरण्या कधीच बंद पडल्या, लायब्ररी मात्र चालू आहे. तिला लिफ्ट आणि मागे दोन खोल्या जोडायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. पहिल्या दिवशी पाहणीला गेले तर दाराशेजारच्या दगडावर आर्किटेक्टचं नाव कोरलेलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि मनाने एकदम पुण्याला, तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. रविवारी संध्याकाळी हॉस्टेलची मेस बंद असायची म्हणून तुम्ही मला जेवायला बोलवायचात. काकू थालीपिठं लावताहेत, तुम्ही घास हातात तसाच धरून, तरुणपणी मुंबईत ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्या साहेबांचं सांगताय, आणि काकू म्हणताहेत, "अहो, पोरीला जेवू द्या आधी."

साहेब स्कॉटलंडमधल्या एका लहानशा बंदराच्या गावातले, गवंड्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पाच वर्षांच्या करारावर उमेदवारीला घातलं. पहिलं वर्ष नुसती शाई खलायची, कागद ओला करून फळ्यावर ताणून बसवायचा, दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज ट्रेस करायची. संध्याकाळी आर्ट स्कूल. रविवारी काम करणं त्यांच्या गावात पाप, म्हणून मापाची फीत कोटाच्या आत लपवून ते पडक्या किल्ल्यांची मापं घ्यायला जायचे. हे सांगताना तुम्ही स्वतःच फीत लपवल्यासारखा हात छातीशी न्यायचात. पुढे परीक्षा पास झाले, एडिंबरात मदतनीस म्हणून लागले, आणि कामंच आटली तेव्हा बोटीने अमेरिकेला आले. इथे त्यांच्या स्वतःच्या नावावर झालेली एकच इमारत, ही लायब्ररी. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं, ते लढायला परत गेले, आणि युद्धानंतर मुंबईला आले. तिथे एक बँक, दोन शाळा आणि शेवटी एक इस्पितळ.

इस्पितळाचं तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते काकूंनी सांगितलं, तुम्ही हात धुवायला उठला होतात तेव्हा. साहेबांचा हात तोवर इतका थरथरायला लागला होता की त्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती. इस्पितळाची सगळी ड्रॉइंग्ज तुम्ही काढलीत. उद्घाटनाला तुम्ही मांडवात मागे उभे होतात, आणि साहेबांनी आपलं भाषण थांबवून तुम्हाला पुढे बोलावलं. सगळ्या गोऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "ही इमारत या माणसाची आहे. मी फक्त बघत होतो." त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवलाच नाहीत, असं काकू म्हणाल्या.

गावकऱ्यांची सभा लायब्ररीच्याच वाचनाच्या खोलीत होती. लिफ्टकडे जायला दार करण्यासाठी आम्हाला एक जुनी खिडकी काढायची होती आणि लोकांचा त्याला विरोध होता. आमच्या बॉसने मला हळूच सांगितलं, "यांना पटेल असं काहीतरी बोल." मी उठले आणि साहेबांचं आयुष्य सांगितलं. शाई, किल्ले, लपवलेली फीत, मुंबई, थरथरणारा हात, सगळं. हा माणूस इथून गेल्यावर त्याचं काय झालं हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. शंभर वर्षं त्यांनी नुसतं नाव वाचलं होतं. मी म्हणाले की ते आज असते तर व्हीलचेअरवरच्या माणसासाठी ही खिडकी त्यांनी स्वतः काढली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिथल्या ग्रंथपालबाई उठल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुठून कळलं?"

मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं. पण पुण्यातल्या एका स्वयंपाकघरात थालीपीठ खाताना ऐकलं, असं म्हटलं तर ती गोष्ट ऐकीव ठरेल, हे लोक हसतील, बॉसचं तोंड पडेल, असं काहीतरी त्या एका क्षणात डोक्यात आलं. मी म्हणाले, "बराच रिसर्च केला मी. आर्काइव्ह्ज वगैरे."

परत येताना आमच्या ऑफिसातला नागपूरचा एक तरुण इंजिनिअर गाडी चालवत होता. "ताई, कसलं भारी बोललात! मला तर काटा आला यार. पण आर्काइव्हमध्ये गेलात कधी?" मी म्हटलं, "अरे, वीकेंडला." म्हणजे गाडीत, आपल्याच माणसाशी, आपल्याच भाषेत, काही कारण नसताना मी तेच खोटं पुन्हा बोलले.

खिडकी काढायची परवानगी मिळाली. आठवड्याने ग्रंथपालबाईंचा मेल आला. दाराजवळ साहेबांच्या आयुष्याची एक पाटी लावायची आहे, आणि खाली माहिती शोधणाऱ्या म्हणून माझं नाव घालायचं आहे. ते वाचून मला बसवेना. मी लगेच फोन केला आणि सगळं खरं सांगून टाकलं. मला वाटलं त्या रागावतील. पण त्या खुश झाल्या. म्हणाल्या, "अहो, हे तर कितीतरी जास्त चांगलं आहे! मग पाटीवर तुमच्या सरांचं नाव घालू. पूर्ण नाव सांगा, मी लिहून घेते."

सर, मला तुमचं पूर्ण नाव माहीत नाही. आडनाव माहीत आहे, दारावर तेवढंच होतं. कॉलेजात सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. काकूंनी कधी तुमचं नाव घेतलं नाही. पाच वर्षं तुमच्या घरी जेवले आणि कधी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही. त्या साहेबाचं मात्र नाव, मधलं नाव, त्याच्या गावाचं नाव, सगळं तोंडपाठ आहे. "नंतर कळवते," म्हणून मी फोन ठेवला. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कारण न सांगता विचारलं. एकाने आद्याक्षरं टाकली, दुसरीने वेगळीच. बाकीच्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. कॉलेजला लिहिलं तर कदाचित मिळेल. पण तुमची लाडकी विद्यार्थिनी म्हणून मला तिथले अजून ओळखतात, त्यांना हे कसं विचारू?

आज दुपारी लायब्ररीतून फोन आला होता. परवाही आला होता. मी दोन्ही वेळा उचलला नाही.