एकोणतिसावा फोटो

७ डिसेंबर

मेडिकल दुपारी बंद ठेवलं आणि बाजारच्या दिवशी काढलेलं फोटोचं रीळ धुतलं. थंडी मस्त पडलीय, रांजणातलं पाणी बरोब्बर वीस अंश. उन्हाळ्यात ह्याच पाण्यात बर्फ टाकावा लागतो. तो आणायला रसवंतीवर गेलं की तिथला माणूस विचारतो, "पाहुणे आले काय?" आपल्या परभणीची थंडी म्हणजे आम्हा रीळवाल्यांची चैन. आम्हा म्हणजे मीच. ताडकळसात दुसरं कोण आहे!

कोठीचं दार लावून, फटीत चिंध्या कोंबून, वाकळीत हात घालून रीळ डब्यात भरत होते. तेवढ्यात आई दारावर. "वैशे, जवारी काढायचीय, दळण न्यायचंय." म्हटलं थांब जरा. "आत करायलीस तरी काय अंधारात? अंडे उबवायलीस का?" मागच्या दिवाळीला तिनं असंच दार उघडलं होतं, अख्खं रीळ वाया गेलं. आता भांडण झालं की मी तेच काढते.

सगळे फोटो आलेत. ओलं रीळ खिडकीकडे धरलं की काळ्या दातांची, पांढऱ्या केसांची उलटी माणसं दिसायला लागतात. इतकी वर्षं झाली तरी मी आधी ती मोजून घेते. कपड्यांचे चिमटे लावून वाळत घातलंय.

१० डिसेंबर

फोटो वाटले. गोळ्यांच्या पाकिटात घालून देते, मापात बसतात. बांगड्यावाल्या धोंडाबाईनं पाकीट घेतलं, पदराला बांधलं आणि विचारलं, "जेवायच्या आधी का मागून?"

उघडून बघा म्हटलं. बघितलं. मग म्हणाली, "माज्या मायसारखी दिसायलेय की मी." परत पाकिटात, परत पदराला गाठ. तिच्या नातवानं मोबाइलवर तिचे ढीगभर फोटो काढलेत, पण ते त्याच्यापाशी. हा तिच्यापाशी.

नवीन माणूस मात्र खटका ऐकला की लगेच फिरून माझ्यामागं येतो. "दावा." कॅमेऱ्याच्या मागं नुसतं काळं कातडं. "ह्याच्यात तर कायबी न्हाई." आठवड्यानं मिळेल म्हटलं तर म्हणतो, लघवीचा रिपोर्ट हाय का काय!

१३ डिसेंबर

मामा आला गंगाखेडहून. स्थळ घेऊन. राणीसावरगावचा मुलगा, नाव माधव, रोपवाटिका आहे, आंब्या-लिंबाची कलमं बांधतो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणजे छत्तीस. घरात एक आत्या, बाकी कोणी नाही. "एक चांगला फोटो दे."

'चांगला' म्हटलं की मला धास्ती भरते. मागच्या स्थळाला दिलेल्या फोटोत फोटोवाल्यानं मला इतकं गोरं केलं, की मुलाची आई घरी आल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "ही धाकटी का? थोरलीला बोलवा की." मी एकुलती एक. पोहे खाऊन गेले, परत निरोप नाही. तेव्हाच ठरवलं, लग्न झालं तर आहे त्या तोंडानं होईल, नाही तर राहिलं. लिहायला सोपं आहे हे. आई देवापुढं बसते तेव्हा कुणासाठी पुटपुटते ते मला ऐकू येतं.

शेवटी तडजोड. परभणीच्या स्टुडिओत मागं काढलेला द्यायचा. जरीची साडी, पाठीमागं धबधबा. आपल्या जिल्ह्यात धबधबा! खाकी पाकिटात घालून फळीवर ठेवलाय. मामा पुढच्या खेपेला नेईल.

१९ डिसेंबर, येळवस

वेळ अमावास्या, सगळे शेतात. कडब्याची खोप, चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, आंबील, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून मारून जेवायला बसवलं. शेजारच्या शेतातले आमच्याकडं, आमचे त्यांच्याकडं. एक पूर्ण रीळ संपवलं. म्हशी. पांडव. भज्जी ढवळणारी आईची पाठ. चिंचेखाली पोट भरून आडवे झालेले काका.

मधेच आई म्हणाली, "आण हिकडं. तुजा एक काढते. तू कुठंच नसतीस." जन्मात पहिल्यांदा कॅमेरा मागितला तिनं! विचारते, "कोणचा डोळा मिटायचा?" सांगेपर्यंत दोन्ही मिटले आणि खटका दाबला. माझ्या तोंडात अख्खा उंडा. हसू आवरेना, गिळताही येईना.

२१ डिसेंबर

येळवशीचं रीळ धुतलं. परभणीतला एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या चाचांकडून फोटो मोठे करायचं यंत्र घेतलं होतं. ते म्हणायचे, "पहले सब छोटे देख बेटी, फिर एक बडा कर." म्हणून रिळाच्या पट्ट्या कागदावर ओळीनं मांडल्या, काच ठेवली, दिवा लावला. एकाच कागदावर सगळे छत्तीस, नखाएवढे, कडेला रिळावरचे आकडे.

आईनं काढलेला आलाय! एकोणतिसावा. डोकं वरून कापलंय, जमीन तिरकी, गाल फुगलेला, डोळे हसून बारीक. मागं आंबिलीचं गाडगं. मी अशी दिसते? बऱ्याच वेळा बघितला. आवडला, खोटं कशाला बोलू.

कागद वाळला, तसल्याच दुसऱ्या खाकी पाकिटात घालून फळीवर ठेवला.

२३ डिसेंबर

घात झाला. सकाळी मी दुकानात असताना मामा आला, बसची घाई, फळीवरचं पाकीट उचललं आणि गेला. दुपारी बघते तर धबधबा जागेवरच! गेला तो छत्तीस फोटोंचा कागद.

फोन केला. तो राणीसावरगावला पाकीट देऊन मोकळा. "आगं, मला वाटलं आजकाल असंच देतात. समद्या बाजूनं."

"मामा, त्यात म्हशी आहेत."

"मंग? शेती दिसली पायजे की."

आईनं कपाळाला हात लावला. "लोक छत्तीस गुण बगतेत, आपण छत्तीस फोटो धाडले. त्यात पोरगी एकदाच, ती बी बकाणा भरलेली." आधी मला हसू आलं. मग नाही आलं. हेही गेलंच म्हणायचं.

२८ डिसेंबर

मामाचा फोन. आत्याबाई म्हणाल्या, "म्हशी चांगल्या हायत, पोरगी कोणची?" आणि त्या माधवनं शेजारच्या घड्याळजीकडून भिंग आणून कागद दोन दिवस बघितला म्हणे. विचारतोय, एकोणतिसावा मोठा करून मिळेल का?

मामाला परत आकडा विचारला. एकोणतिसावाच.

आई म्हणाली, "मोठा कर पण जरा सरळ कर. गाडगं काढून टाक." मी काही काढलं नाही. डोकं तूच कापलंस, आता तसंच जाऊ दे म्हटलं. लाल दिव्याखाली कोरा कागद औषधाच्या पाण्यात हलवत बसले आणि माझंच तोंड हळूहळू वर यायला लागलं. आज मला ते बघताना लाज वाटली नाही. गोळ्यांच्या मोठ्या पाकिटात घातला आणि बसबरोबर मामाकडं धाडला.

४ जानेवारी

आले. तो आणि आत्या. उन्हानं रापलेला, हाताच्या बोटांना चिरा, बोलायला कमी. आत्याबाई बोलायला जास्त. स्वयंपाक येतो का, दुकान किती वाजता बंद होतं, म्हशीचं दूध कोण काढतं.

तुम्हीही काही विचारा, असं मीच त्याला म्हटलं, तर त्यानं विचारलं, "चिंचेखाली कोण झोपलंय?"

"काका."

"लय चांगले झोपलेत."

एवढंच! मी म्हटलं, मीही फोटो घेणार, आमच्याकडच्यांनाही दाखवावा लागतो. आत्याबाईंचा चमचा थांबला. तो उठून भिंतीला टेकला, शाळेच्या ओळखपत्रासारखा ताठ. खटका दाबला. फिरून बघायला आला नाही. असा पहिलाच.

"कवा दिसंल?"

"रीळ संपल्यावर."

"संपू द्या सावकाश. कलम बांधलं की आमी बी सोडून बगत न्हाई. बगितलं की मरतंय."

मला फार बरं वाटलं. तेवढ्यात आईनं माती केली. कौतुक म्हणून सांगायला गेली आणि तक्रारच झाली. "घंटा घंटा कोठीत कोंडून घेती हो, दार बी उगडत न्हाई." तो म्हणाला, बघू का. नेलं. फटीतल्या चिंध्या, लाल दिवा, जोंधळ्याच्या पोत्यावर ठेवलेलं यंत्र, सगळं बघितलं.

मग मी सांगून टाकलं. मनात ठेवण्यात काय अर्थ. जिथं जाईन तिथं मला माझं दुकान पाहिजे आणि एक अंधारी खोली पाहिजे. दोन्ही.

आत्याबाई म्हणाल्या, "लोक उजेडाचं घर मागतेत बाई. अंधाराचं काय कवतिक!" तो दाराकडं वळला. चपला घालून गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

निरोप नाही. आई दोनदा म्हणाली, "हुंडा मागतेत ते ऐकलंय. अंधार मागणारी तूच." तिचा राग राग नसतो, भीती असते. तिच्यामागं माझं कसं होईल, हे तिला रोज भाकरी थापताना सुचतं.

धोंडाबाई वाण आणि तिळाचे लाडू घेऊन आली. फोटोला काच बसवून घेतलीय, कडेनं बांगड्यांच्या काचांची नक्षी. "सुनंनं देवाजवळ मांडला. म्हनलं, मी जित्ती हाय, खाली घे." मग माझ्या मनगटाचं माप बघत, "हिरव्या कवा भरू?" बघू म्हटलं.

त्याच्या फोटोचं रीळ अजून कॅमेऱ्यात आहे. दोन फोटो बाकी. एरवी माझ्याच्यानं राहवत नाही, दिसेल त्याच्यावर संपवते. ह्या वेळी काढवत नाहीत. संपलं की धुवावं लागेल, धुतलं की तो दिसेल, आणि तिकडून नकार आला तर त्या फोटोचं मी करू काय. वाट बघतेय मी. इथं लिहायला हरकत नाही.

१८ जानेवारी

मामाचा फोन. घर बघायला या म्हणतात. "इतके दिवस का लागले?" विचारलं तर मामाला माहीत नाही. "काहीतरी बांधकाम चालू होतं म्हणे."

आईनं लगेच देवाला साखर ठेवली. मी म्हटलं, नुसतं घर बघायचंय. "व्हय व्हय," म्हणाली आणि उरलेली साखर माझ्या तोंडात घातली.

२५ जानेवारी

आई आणि मी निघालो, गंगाखेडहून मामा बरोबर आला. राणीसावरगावला पोचलो तेव्हा ऊन वर आलेलं. घर साधं, स्वच्छ. मागं रोपवाटिका, हिरव्या जाळीखाली ओळीनं पिशव्या, प्रत्येक कलमाला प्लॅस्टिकची पट्टी. तसल्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझा एकोणतिसावा पाण्याच्या मोटारीच्या बटणावर टांगलेला. मोटार चालू करायला येणारा प्रत्येक गडी बघत असणार! आत्याबाईंनी पुरणाचं जेवण केलं होतं. वाढता वाढता म्हणाल्या, "हितं रक्तदाबाची गोळी आणाया गंगाखेडला जावं लागतंय मला." माझ्याकडं न बघता म्हणाल्या, पण म्हणाल्या.

जेवणानंतर तो म्हणाला, जरा मागं या. खताची पोती ठेवायची खोली. पोती बाहेर काढलेली, खिडकीच्या जागी विटा, वरून गिलावा, अजून ओलसर.

"रोपं ठेवायला का?"

"रोपाला उजेड लागतो," म्हणाला आणि नखातली माती काढत बसला.

इथंच रडले तर आई काहीतरी भलतंच समजेल. म्हटलं, आत जाऊन बघते. गेले. त्यानं बाहेरून दार ओढलं. ओल्या मातीचा आणि खताचा वास. डोळे सरावेपर्यंत उभी राहिले. चांगला अंधार होता, आमच्या कोठीपेक्षा चांगला. मग वर पत्र्यात जोंधळ्याच्या दाण्याएवढा उजेड दिसला. रीळ ह्यात नक्की खराब होणार.

आतून ओरडले, "भोक आहे."

"कुटं?"

"पत्र्याला. डाव्या हाताला."

"तुमच्या का माज्या?"

इतकं हसू आलं की दार उघडून बाहेरच आले. तो पत्र्याकडं मान वर करून शोधत होता, तोंड उघडं, एक हात कपाळावर. तसाच काढला. ह्या वेळी ताठ नव्हता. खटका ऐकून वळला, पण दावा म्हणाला नाही.

परतीच्या बसमध्ये आई मला चिकटून बसली. गंगाखेड येईपर्यंत कसाबसा दम धरला तिनं. मग, "मंग? त्यांना काय कळवायचं?"

म्हटलं, "कळव, पत्र्याचं भोक बुजलं की सांगा. मी परत आत उभी राहून बघणार."

मामा पुढच्या सीटवरून वळला. "हे हो समजायचं का न्हाई?"

आईला काय समजलं कोण जाणे, तिनं पिशवीतून धोंडाबाईनं दिलेले तिळाचे लाडू काढले आणि मामाच्या हातावर एक ठेवला.

रिळात एक बाकी आहे. तो इतक्यात काढणार नाही. संपू दे सावकाश.