आत्यानं कानात सांगायचं नाव

तीर्थरूप आप्पा,

उद्या सकाळी तुमच्या नातीला पाळण्यात घालायचंय, आणि आत्ता भर दुपारी घरात कुणी कुणाशी बोलत न्हाय. आई तर कधीच गेली, मग तुम्हाला न्हाय सांगायचं तर कुणाला सांगू? तुम्ही जाऊन सात महिने झाले. त्याआधीची तीन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला न्हाईत. तरी लिहायला बसले.

मुलगी झाली, आप्पा! नाव तुम्हीच सुचवलेलं, ज्ञानदा. मी शाळेत असताना, बेळगुंदीच्या रानात भांगलताना म्हणाला होता, "तुला पोरगी झाली की हे नाव ठेव गं, लई गोड हाय." ह्यांनी आणि सासूबाईंनी एका शब्दात होकार दिला. म्हटलं, सुटले!

कुठली सुटतेय! इथं संकेश्वरात सगळे 'ग्न्यानदा' म्हणायला लागले. कानडीत तसंच म्हणतात, मला काय ठाऊक न्हाय व्हय? पण माझ्या कानात तुमचं 'द्न्यानदा' बसलंय. ह्यांनी जन्मनोंदीच्या फॉर्मवर इंग्रजीत पहिलं अक्षर कानडी रीतीनं 'J' घातलं, मी खोडून 'D' घातलं. ह्यांनी मुकाट्यानं नवा फॉर्म आणला. तो अजून कोराच हाय.

आज सकाळी गोकाकहून आक्का आल्या, ह्यांची थोरली बहीण. नाव त्याच ठेवणार, आत्याचा मान. आणि मी काय करावं? बाळाला पाजता पाजता त्यांची शाळा घ्यायला बसले! "तसं न्हाय आक्का, द्न्या म्हणा. परत म्हणा." दहादा म्हणाल्या बिचाऱ्या. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जमत नसेल तर राहू द्या, माझी मैत्रीण सांगेल कानात."

सख्खी आत्या समोर असताना परकीनं नाव ठेवायचं! आक्कांनी स्वतः शिवून आणलेली कुंची खाटेवर ठेवली आणि पिशवी उचलली. "माझी जीभ वळत न्हाय, तर मी कशाला थांबू?" मराठीतच म्हणाल्या, मला कळावं म्हणून.

आप्पा, खरं सांगू? त्या क्षणी मला तुमचा भयंकर राग आला. कानडी घरात लग्न केलं म्हणून तुम्ही अबोला धरलात. तीन दिवाळ्या वडगावच्या मावशीकडून निरोप धाडले मी. एकदा तरी 'ये' म्हणायचं होतंत! त्यापायी मी किती रडले, आणि आज त्याच तोऱ्यात एका बाईला माझ्या पोरीपासून तोडायला निघाले. तुमचीच लेक की हो मी!

ओली बाळंतीण मी, तशीच फाटकापर्यंत धावले. पाय धरले. "चुकलं माझं, आक्का." त्या परतल्या, पण बोलल्या न्हाईत. आत उद्याच्या घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसल्यात.

आता उठून त्यांच्याशेजारी बसणार हाय. सांगणार, उद्या तुमच्या तोंडी येईल तसंच सांगा. फॉर्मवरही 'J'च घालते. मी माझ्यासारखी हाक मारीन, त्या त्यांच्यासारखी. पोर दोन्हीला ओ देईल. तुम्हाला आवडणार न्हाय. नसू दे!

शब्द देते, आप्पा. तुमची नात उद्या कुणाशीही लग्न करो, कुठल्याही भाषेत माझ्याशी भांडो, मी तिच्याशी अबोला धरणार न्हाय. नाव तुमचं घेतलंय, हे मात्र तुमच्याकडनं घेणार न्हाय.

तुमची, अजून तुमचीच,
सुमन